बाबांच्या मेडिक्लेमची नोटीस भलत्याच ईमेलवर गेली, पॉलिसी बंद दाखवते, आता काय करावं?

घाटंजीकर:

नमस्कार मंडळी, थोडं लांब आहे पण पूर्ण वाचा, डोकं आउट होऊन रायलं आहे.

माह्या बाबानं बऱ्याच वर्षाआधी स्वतःची अन आईची मिळून एक मेडिक्लेम घेतली होती, तालुक्याच्या एका एजंटकडून. दर वर्षी पोस्टमन कंपनीचं पाकीट आणून द्यायचा, बाबा ते सातबारा-फेरफार ठेवते त्या पत्र्याच्या पेटीत टाकायचे अन कापसाचे पैसे आले का एजंटच्या हातात चेक द्यायचे, विषय संपला. यंदा पाकीट आलंच नाही. बाबा म्हणे येईन, पोस्टाचं काही खरं नसते. आता आईच्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू निघाला, यवतमाळले दवाखान्यात गेलो, काउंटरवरच्या बाईनं कार्डाचा नंबर टाकला अन म्हणे ही पॉलिसी त इनॲक्टिव्ह दाखवून रायली.

कस्टमर केअरले फोन लावला. मराठीसाठी अमुक बटन दाबा म्हणते, दाबलं, त हिंदीवाला आला. म्हणे सर आपको रिन्युअल नोटिस रजिस्टर्ड ईमेल पे भेज दिया गया है. म्हटलं कोणता ईमेल? माह्या बाबाजवळ बटनाचा फोन आहे, ईमेल कशाशी खाते ते त्याईले माहीत नाही. त्यानं पहिले दोन अक्षरं सांगतले अन शेवटचे दोन, मधात सगळ्या फुल्या. फॉर्म भरताना एजंटनं आपल्याच मनानं एक ईमेल टाकून देल्ला होता. अन मोबाईल नंबर? तोही एजंटचाच. एजंट आता नागपूरले प्लॉटचा धंदा करते, तो नंबर कवाचा बंद.

मंग म्हटलं ईमेल अन मोबाईल बदलून द्या. म्हणे हो सर बिलकुल, जुन्या मोबाईलवर ओटीपी गेला तो सांगा. अरे बाप्पा! जो नंबर बंद आहे म्हणून बदलाले सांगून रायलो त्याच्यावरच ओटीपी! व्हॉट्सॲपवर त्याईचं ते आपोआप उत्तर देणारं मशीन आहे त्याले पण लिहून पाह्यलं, ते दर वेळी नमस्कारापासूनच सुरू होते. अन हे सगळं स्लॅबवर उभं राहून, घरात रेंज नाही ना.

विचारायचं हे का पॉलिसी वाचते का गेली समजायची? एक ओळखीचा म्हणते नवीनच काढ, मी स्वस्तात देतो. ओटीपीशिवाय नंबर बदलते का? अन कागदाची नोटीस परत सुरू करता येते का, का कायद्यानंच बंद झाली आता?


सेतूवाला_दारव्हा:

पहिले बाकी सगळं बाजूले ठेव. पॉलिसी कोणत्या तारखेले संपली? वर्षाचा हप्ता असन त संपल्यावर ३० दिवस ग्रेस पिरियड राहते. त्या ३० दिवसात पैसे भरले का पॉलिसी जुनीच धरते, आधीची वर्षं वाया जात नाही. महिन्याचा हप्ता असन त १५च दिवस.

नवीन काढ म्हणणाऱ्या त्या ओळखीच्याले चहा पाज अन वापस पाठव. नवीन काढली का वेटिंग, म्हणजे ज्या काळात त्या आजाराचा खर्च कंपनी देत नाही तो काळ, पहिल्यापासून सुरू. आधीच्या आजारासाठी ३ वर्षापर्यंत वेटिंग लावता येते, अन मोतीबिंदूले बहुतेक पॉलिसीत २ वर्ष वेगळं लिहून असते. तुह्या आईचं ऑपरेशन आता आहे, २ वर्षानं नाही. शिवाय पॉलिसीले सलग ६० महिने झाले असन त कंपनीले तुम्ही आजार लपवला होता असं म्हणून क्लेम नाकारता येत नाही, फ्रॉड सिद्ध केला त गोष्ट वेगळी. हे आधी ८ वर्ष होतं, २०२४ मंधी ५ केलं. म्हणजे जुनी पॉलिसी जपून ठेवण्यासारखी वस्तू आहे.


घाटंजीकर:

भाऊ संपून महिना व्हायचा आहे अजून, पण लय दिवस नाही उरले. आज दुसरा शनिवार, शाखा बंद.


सेतूवाला_दारव्हा:

शाखेची वाट पाहूच नको. कंपनीच्या वेबसाईटवर रिन्यूचं बटन असते, बऱ्याच कंपन्यांत पॉलिसी नंबर अन जन्मतारीख टाकली का भरता येते, लॉगिन लागत नाही. वेबसाईटचा पत्ता जुन्या पॉलिसीच्या कागदावर पाहून टाक, गुगलवर जे पहिलं येते त्याच्यावर क्लिक नको करू. पैसे बाबाच्याच खात्यातून जाऊ दे. पावती निघाली का लगेच सेव्ह कर अन एक प्रिंट काढ.

अन रक्कम पाह्य. २२ सप्टेंबर २०२५ पासून घरच्या हेल्थ पॉलिसीवर जीएसटी शून्य झाला आहे, आधी १८ टक्के होता. पण मूळ हप्ता वयानं वाढते, म्हणून मागच्या वर्षीपेक्षा कमीच येईन असं नाही.

एक महत्त्वाचं, पैसे भरल्याशिवाय ऑपरेशनची तारीख घेऊ नको. वर्षाचा हप्ता असला का ग्रेसच्या दिवसात पॉलिसी वाचते पण त्या पैसे न भरलेल्या दिवसातला दवाखान्याचा खर्च कंपनी देत नाही. लोकं इथंच फसते.


बाबू_निवृत्त (अमरावती):

मी विमा कार्यालयात आयुष्य काढलं, त्यामुळे दोन्ही बाजू माहीत आहेत. वरच्या भाऊंनी बरोबर सांगितलं, आधी पैसे भरा. भांडण नंतर करता येतं, ग्रेस संपल्यावर मात्र कंपनीच्या मर्जीवर राहावं लागतं.

ओटीपीबद्दल. फोनवरचा माणूस त्याच्या स्क्रीनवर जे येतं त्याच्या बाहेर जाऊ शकत नाही, त्याला शिव्या देऊन उपयोग नाही. जुना मोबाईल बंद असेल तर शाखेत लेखी अर्ज द्यायचा. बाबांच्या सहीचा अर्ज, आधारची आणि पॅनची झेरॉक्स (पॅन नसेल तर त्याऐवजी भरायचा घोषणापत्राचा फॉर्म), पॉलिसीची प्रत. अर्जात स्पष्ट लिहा की पॉलिसीवर नोंदवलेला मोबाईल व ईमेल माझा नाही, तो मी दिलेला नाही. हे वाक्य गाळू नका, पुढे कामी येतं. अर्जाच्या दोन प्रती न्या आणि एकीवर शिक्का, तारीख, सही घ्या. काउंटरवर सांगतील की ठेवून जा, होऊन जाईल. पोच घेतल्याशिवाय खुर्चीवरून उठू नका!

कागद कायद्याने बंद झालेला नाही. १ एप्रिल २०२४ पासून पॉलिसी इलेक्ट्रॉनिक स्वरूपात द्यायची असा नियम आला, पण ग्राहकाने मागितली तर छापील प्रतही द्यावी लागते. प्रपोजल फॉर्ममध्ये, म्हणजे पॉलिसी घेताना भरतो त्या अर्जात, छापील की फक्त ईमेलवर असा पर्याय असतो, आणि एजंट लोक ईमेलचा पर्याय ग्राहकाला न विचारताच टिक करून मोकळे होतात. मग पोस्टाचा खर्च वाचला म्हणून कंपनी खूश आणि झाडं वाचली म्हणून जाहिरात. पाठवलं म्हणजे पोचलं असं कंपनी धरून चालते, खरा रोग तो आहे. पूर्वी पत्ता सापडला नाही तर पाकीट परत यायचं, त्यावर पोस्टमनचा शेरा असायचा, मग आमचा एखादा कारकून एजंटला फोन करायचा. आता तो ईमेल कोणी उघडला का, नाही उघडला का, बघायला कोणी बसलेलंच नाही.

त्याच अर्जात एक ओळ टाका की नूतनीकरणाची सूचना व पॉलिसी माझ्या टपाल पत्त्यावर छापील स्वरूपात पाठवावी.


कपाशी_पऱ्हाटी:

मेडिक्लेमचं सोडा हो, ते त शंभरातल्या दहा घरी असन. पीकविम्यात काय झालं ते पाहा. २०२३ च्या खरिपापासून एक रुपयात विमा होता, सगळं गाव केंद्रावर जाऊन उभं रायलं, भरनाऱ्यानं पटापट भरलं अन मोबाईलच्या रकान्यात अर्ध्या गावाचा स्वतःचाच नंबर ठोकला! कारण काय त ओटीपी लवकर येते. मंग मेसेज सगळे त्याच्याच फोनवर. तवा शेतात पाणी साचलं त ७२ तासात कळवा असं होतं. आमच्या नाल्याकाठच्या लोकाईनं कळवलं बी, पण पाहणीले कोण येऊन रायला, कवा येऊन रायला, अर्ज मंजूर का नामंजूर, सगळं त्या एका फोनवर अन तो फोनवाला लग्नात.

२०२५ च्या खरिपात एक रुपया बंदच झाला. आता सोयाबीनले २ टक्के अन कपाशीले ५ टक्के आपल्या खिशातून, फार्मर आयडी पायजे, ई-पीक पाहणी पायजे, अन मंडळातल्या पीक कापणी प्रयोगावर उत्पन्न किती निघते त्याच्यावर पैसे. म्हणजे माह्या वावरात काय झालं त्याले काही किंमत नाही. पैसे आपले, कागद नाही, पावती पीडीएफ. पीडीएफ कुठी ठेवू, आढ्यावर?


सेतूवाला_दारव्हा:

कपाशीभाऊ, सगळे केंद्रवाले तसे नसते बरं. ज्याच्याजवळ फोनच नाही त्याच्या नावापुढं काय टाकावं, रकाना रिकामा राह्यला त फॉर्म पुढं सरकत नाही. मी पोराचा, पुतण्याचा, शेजाऱ्याचा कोणाचा तरी टाकतो पण विचारून टाकतो.

बाकी तुमचा राग बरोबर आहे. ज्यानं पीकविमा काढला त्यानं पावतीवरचा अर्ज नंबर घेऊन स्वतःच्या फोनवर क्रॉप इन्शुरन्स ॲपमंधी एकदा पाहून घ्यावं, नाही जमलं त १४४४७ वर फोन करून विचारा. बँक खातं अन गट नंबर पण तपासा, त्याच्यात बी गोंधळ राहते.


मास्तरीण_ब्रह्मपुरी:

मी शाळेत शिकवते, गावातले अर्धे फॉर्म माझ्याकडेच भरायला येतात त्यामुळे हा विषय रोजचाच आहे.

वीजबिलाचं घ्या. महावितरणच्या गो ग्रीनमध्ये छापील बिल बंद केलं की दर बिलामागे १० रुपये सूट आहे, चांगली योजना, मी स्वतः घेतली. पण ज्या घरात रहिवासी पुराव्याला बिल लागतं, पोरीचं ॲडमिशन आहे, कर्जाचं प्रकरण आहे, त्यांना प्रिंट काढायला बाजारात जावं लागतं, तिथे दहा रुपये प्रिंटचे आणि जाण्यायेण्याचं ऑटोचं भाडं वेगळं. सूट कोणाच्या खिशात गेली मग? म्हणून मी सांगते, घरात कोणी मेसेज वाचणारं असेल तरच घ्या.

आता एक अनुभव. आमच्या गावात एक बाई आहेत, नवरा पन्नाशीच्या आतच गेला, हार्ट अटॅक. विमा वगैरे काही नाही असंच सगळे धरून चालले होते. मी सहज पासबुक बघायला मागितलं, बँकेत नेऊन भरून आणलं, त्यात मे महिन्याच्या शेवटी एक ओळ होती, ४३६ रुपये वजा. खातं उघडताना बँकेने जीवन ज्योतीचा, म्हणजे सरकारी जीवन विमा योजनेचा, फॉर्म भरून घेतला होता आणि त्या माणसाने घरी कधी सांगितलंच नव्हतं. मेसेज आला असेल, पण तो फोन त्याच्यासोबतच बंद झाला. बँकेत मृत्यूचा दाखला आणि वारसाचे कागद दिले आणि २ लाख त्यांच्या खात्यात आले. त्या एका ओळीवर! पासबुक नुसतं एटीएमच्या भरवशावर कोरं ठेवलं असतं तर कोणाला कळलं असतं?

सगळ्यांना सांगते, घरच्या माणसांची पासबुकं जूनमध्ये भरून घ्या आणि ४३६ आणि २० रुपयांची ओळ शोधा. २० रुपयांची म्हणजे सुरक्षा विमा, अपघाताची, तीही २ लाखांची.

घाटंजीकर, आईच्या डोळ्यासाठी पॉलिसीचं अडलंच तर घाबरू नका, मोतीबिंदू सरकारी जिल्हा रुग्णालयात लेन्ससकट मोफत होतो. आणि पॉलिसी चालू झाली तर कॅशलेसची (बिल कंपनीने थेट दवाखान्याला द्यायची) विनंती आली की कंपनीने एका तासात उत्तर द्यायचं आणि सुट्टी देताना तीन तासांत मंजुरी द्यायची, असं इर्डाचं, म्हणजे विमा कंपन्यांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी संस्थेचं, २०२४ चं परिपत्रक आहे. काउंटरवर हे बोलून दाखवा, हलतात लोक.


वकील_वऱ्हाडी:

बाबू साहेबांनी अर्जाचं सांगतलंच, पुढची पायरी मी सांगतो. अर्ज देऊनही नंबर बदलला नाही त कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याले लेखी तक्रार करायची, उत्तराले १४ दिवसांची मुदत असते. नाही आलं त इर्डाच्या विमा भरोसा पोर्टलवर टाका किंवा १५५२५५ वर फोन, तक्रारीचा नंबर मिळते तो लिहून ठेवा. त्याच्यावर विमा लोकपाल. विदर्भाचं काम पुण्याच्या ऑफिसकडे आहे, हे ऐकूनच आपले लोक गार होते, पण तक्रार ऑनलाइन करता येते. फी नाही. वकील लागत नाही, चालतही नाही, म्हणजे माह्या धंद्याचं नुकसान करून सांगून रायलो! कंपनीनं नाकारल्यावर एका वर्षाच्या आत जावं लागते अन ५० लाखापर्यंतचे वाद तिथं चालते.

दुसरा रस्ता जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या कायद्यानं तुम्ही जिथं राहता तिथंच केस टाकता येते, म्हणजे कंपनी मुंबईची असो नाही त दिल्लीची, तुमच्यासाठी यवतमाळ. भरलेला हप्ता ५ लाखाच्या आत असला का फीसुद्धा नाही.

पण खरं सांगू का, नोटीस आली नाही एवढ्याच मुद्द्यावर भांडण कमजोर आहे. हप्ता वेळेवर भरणं ग्राहकाचं काम, असंच कंपनी म्हणन, अन तारीख पॉलिसीवर छापून असते. तुमची बाजू कुठं मजबूत होते त दुसऱ्याचा नंबर तुमच्या नावावर टाकला ह्याच्यात. एजंट कंपनीचा माणूस, त्यानं फॉर्ममंधी काय भरलं ते कंपनीनं तपासायले पायजे होतं. म्हणून प्रपोजल फॉर्मची प्रत मागा, त्याच्यावर बाबाची सही कशाखाली आहे ते दिसन.


घाटंजीकर:

मंडळी लय आभारी आहो. अपडेट देतो.

पैसे त्याच दिवशी भरले, सेतूवाल्या भाऊनं सांगतलं तसं, पॉलिसी नंबर अन बाबाची जन्मतारीख. जन्मतारखेतच अडकलं होतं पहिले, कारण आधारवर १ जानेवारी आहे अन एजंटनं शाळेच्या दाखल्यावरची टाकली होती, दोन्ही टाकून पाह्यल्या त दुसरी चालली. पावती निघाली. जीएसटीचा रकाना शून्य.

सोमवारी बाबाले घेऊन शाखेत गेलो. अर्ज वाचून तिथली मॅडम म्हणे हे 'मी दिलेला नाही' कशाले लिहिलं, ते काढा. मी काही काढलं नाही. मंग म्हणे नवीन ईमेल सांगा. म्हटलं ईमेल नाही, कागदच पाठवा, त म्हणे सिस्टीम पुढं जात नाही, ईमेलपुढं लाल चांदणी आहे. आता काय करता! बाबाच्या नावानं माह्याच फोनवर ईमेल उघडला, तिथंच बसून, बाबा आपले बाजूले बसून भिंतीवरचं कॅलेंडर वाचून रायले. पण मोबाईल माह्या नंबरवर झाला अन छापील प्रतीची ओळ पण घेतली, शिक्का मारून पोच देल्ली. प्रपोजल फॉर्मची प्रत मुंबईहून मागवू म्हणते, पाहू.

छापील पॉलिसी स्पीड पोस्टानं आली. आईचं नाव चुकलं होतं, कमलाबाईचं कमलबाई. दुरुस्तीचा अर्ज देल्ला. ऑपरेशनची तारीख मिळाली आहे, कॅशलेस मंजूर झालं.


बाबू_निवृत्त (अमरावती):

उत्तम. नाव दुरुस्त झाल्याचं एंडोर्समेंटचं पत्र घेतल्याशिवाय ऑपरेशनला जाऊ नका, आधारवर कमलाबाई आणि पॉलिसीवर कमलबाई असेल तर काउंटरवर वाद घालतील. छापील पॉलिसीतल्या बाकीच्या गोष्टी, वय, वारस, आधीचे आजार, हे पण वाचून काढा.


कळंबचा_गणेश:

हे वाचून माह्या आजीची पॉलिसी काढून पाह्यली. नंबर एजंटचाच! तो एजंट अजून गावातच आहे, विचारलं त म्हणे मी नाही भरत का दर वर्षी आठवणीनं, तुले काय त्रास आहे. माणूस खरंच भला आहे हो, भरते बी आठवणीनं. तरी बदलावं का? त्याले वाईट वाटन.


सेतूवाला_दारव्हा:

बदल. वाईट वाटू दे. त्याले सांग नंबर आमचा टाकतो अन हप्ता तुह्याच हातून भरतो, कमिशन त्याचं त्याले मिळतेच. उद्या क्लेम लागला अन तो पंढरपूरले गेला असला त ओटीपी कोणाले मागशीन?


घाटंजीकर:

गणेशभाऊ, अर्जाचा नमुना पायजे असन त सांग, फोटो टाकतो, नाव-नंबर झाकून. जाताना आजीले सोबत ने, सही मॅच होत नाही म्हणून वापस पाठवते, अंगठा असन त साक्षीदार लागते. झेरॉक्स इकडूनच काढून ने, शाखेच्या खालचा झेरॉक्सवाला एका पानाचे पाच घेते. अन एक ते दोन जाऊ नको, जेवाची सुट्टी राहते, शटर अर्धं खाली.